शालूबाईंचा हेल

"न्हाई म्हंजे न्हाई," शालूबाई म्हणाल्या आणि सुपातली मटकी पुढं ओढून निवडायला लागल्या. "मी काय बाजा हाय व्हय गं, कुणीबी यावं आन् वाजवावा?"

अंकितानं मोबाइलवर वेळ बघितली. संध्याकाळपर्यंत शालूबाईंची परवानगी पोचली नाही, तर तिचा सिनेमा पुण्याच्या महोत्सवातून बाद होणार होता. वडूजच्या आसपासच्या कोरड्या रानांतून, पदरमोड करून, उन्हातान्हात फिरून केलेला तिचा पहिला सिनेमा. अवघा अर्ध्या तासाचा. त्यातही सगळा जीव शेवटाला होता. पडद्यावर रिकामं शिवार आणि त्यावर नुसता शालूबाईंचा आवाज.

खरं तर तो आवाज तिनं चोरलाच होता. मागच्या वर्षी पहाटेच्या पाखरांची किलबिल टिपायला म्हणून ती घराच्या माळवदावर यंत्र लावून बसली होती. त्याच पहाटे शेजारचे नानासो, शालूबाईंचे यजमान, गेले. भिंतीपलीकडून शालूबाईंचा हेल उठला. मयताच्या दारात बायका रडतात तसा, गेलेल्याचा एकेक गुण घेऊन, सुरात, लांबवून. अंकिताच्या अंगावर काटा आला. यंत्र बंद करायचं तिला सुचलंच नाही.

गावात त्याला कुणी गाणं म्हणत नाही. पण महोत्सवाच्या बाईंनी फोनवर ठणकावून सांगितलं होतं, "ते गाणंच आहे, आणि ते त्यांचं आहे. कॅमेऱ्यासमोर त्यांनी स्वतःच्या तोंडानं हो म्हणायला हवं."

"काकी, चुकलंच माझं," अंकिता म्हणाली. "तवाच विचारायला पाहिजे होतं."

"तवा विचारलं आसतंस, तरी न्हाईच म्हणाले आसते."

बाजल्यावर बसलेला जयराज, शालूबाईंचा मुलगा, कंटाळून उठला. "आये, आडमुठेपणा करू नगं. पुण्यात मोठ्या पडद्यावर लागायचंय. नानांचं नाव निघंल."

"जित्तेपणी काय कमी निघालं व्हय?" शालूबाईंनी मटकीतला खडा अंगणात भिरकावला.

जयराज हसला. "बघ! अजून चेष्टा चालती त्यांची. तू लाव गं अंकिता. ऐकव तिला. ऐकलं की मऊ पडंल."

अंकितानं नाइलाजानं बटण दाबलं. सोप्यात तो आवाज भरून राहिला.

"माज्या राज्याऽ, उन्हात कवा उभी केली न्हाई मलाऽ... माज्यावर कवा आवाज चढिवला न्हाई रंऽ... हातातली बांगडी पिचू दिली न्हाई, माज्या धन्याऽ..."

स्वयंपाकघराच्या दारात जयराजची बायको राजेश्वरी येऊन उभी राहिली. कडेवर सहा-सात महिन्यांची लेक, आईच्या गळ्यातला दोरा मुठीत धरून चोखत होती. जयराजनं मनगटानं डोळे पुसले.

शालूबाई मात्र नुसत्या ऐकत होत्या. मटकीतली बोटं थांबली होती. डोळे कोरडे.

अंकिताला स्वतःची लाज वाटली. एवढं आटून गेलेलं दुःख, आणि आपण ते पुन्हा उकरतोय. कशासाठी, तर एका सिनेमासाठी. तिनं आवाज बंद केला. "ऱ्हाऊ दे काकी. मी काढून टाकते ते. सिनेमा नाही गेला तर नाही गेला."

"काढायचं कशापायी?" जयराजचा आवाज चढला. "बाई कशी आसावी ते कळू दे की लोकास्नी!" आणि त्याच दमात तो दाराकडं वळून ओरडला, "आन् तू काय तमाशा बघायला उभी ऱ्हायलीस? च्या कवा सांगितलाय! कान फुटलं का?"

पोर दचकली. तिनं भोकाडच पसरलं. राजेश्वरीनं तिचं डोकं खांद्याशी दाबलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती मुकाट्यानं आत वळली.

"हिलाबी रोज ऐकवाय पायजे," जयराज हनुवटीनं तिकडं दाखवत म्हणाला. "नवऱ्याचं गुण कसं गावं, ते शिकंल तरी."

शालूबाईंनी सूप बाजूला सारलं. त्या मुलाकडं बघत राहिल्या, जणू आज पहिल्यांदाच बघतायत.

"राजेश्वरी, च्या ऱ्हाऊ दे. पोरीला घिऊन हिकडं ये. बस माज्याजवळ." मग अंकिताकडं वळून म्हणाल्या, "लाव तुजा क्यामेरा."

अंकिताला आधी खरंच वाटेना. तिनं घाईघाईनं मोबाइल समोर धरला. पुन्हा मन पालटायच्या आत व्हायला हवं होतं. शालूबाई भिंतीला टेकल्या नाहीत. डोक्यावर पदर घेऊन ताठ बसल्या. एका हातानं नातीच्या पाठीवर थोपटत राहिल्या. पोरीचे हुंदके हळूहळू विरत गेले.

"बोला, काकी."

"मी शालूबाई. नानासोंची बायको. त्यो आवाज माजाच हाय. दारात गावच्या बाया बसल्या हुत्या, आन् रडायची रीत हाय तसं रडले. खुशाल वापरा. माजी ना न्हाई."

जयराजनं समाधानानं मान डोलावली. अंकिताचं बोट बंद करायच्या बटणाकडं गेलं.

"थांब. ऱ्हायलंय अजून."

शालूबाई आता कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. त्यांची नजर समोर उभ्या लेकावर होती.

"पर रडण्यात मी ज्याचं गुण गायले, त्यो माणूस मला उभ्या जल्मात कवा भेटला न्हाई."