सायकलची घंटी

ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या बायकोला हाक मारायलाही दम पुरेना, म्हणून टेलरमास्तरांनी तिच्या पलंगाच्या दांडीला सायकलची घंटी बसवून दिली. "जन्मभर तुम्हाला हाका मारून घसा फोडला, तेव्हा नाही सुचलं!" ती हसून म्हणाली. पण घंटी वाजली की मास्तर हातातलं शिवण टाकून धावत यायचे.

मग लाईट वरचेवर जायला लागली. मशीन बंद पडायला नको म्हणून मास्तरांनी पेट्रोलवर चालणारा जनरेटर आणला. तिला धुराचा त्रास नको म्हणून तो पार मागच्या अंगणात ठेवला. खिडकीतून आत घेतलेली वायर ओढूनताणून जेमतेम पुरली.

पहिल्यांदा लाईट गेली, तेव्हा जनरेटर दोरीच्या एकाच झटक्यात सुरू झाला. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्या धडधडाटात ते भिंतीपलीकडच्या शेजारणीला ओरडून सांगत राहिले, "आता दिवसभर लाईट जाऊ दे, हिला काही होत नाही!"

आत आले, तर ताणलेली वायर निसटून खाली पडली होती. मशीन बंद होतं. बायकोचा अंगठा घंटीवर तसाच होता.

परवा संध्याकाळी पुन्हा लाईट गेली. रिकाम्या पलंगाशेजारी अंधारात बसलेल्या मास्तरांना बघून शेजारीण कळवळली. "मास्तर, जनरेटर आहे ना? लावा की."


"नको गं. त्या आवाजात घंटी ऐकू येत नाही."