उंबरठ्याबाहेरचे बूट

दमयंती तांडेल धावत होती आणि चिखलात तिचे बूट चपचप वाजत होते. डावीकडे शाळा गेली, मग विहीर. सगळं शेवाळाने हिरवंगार. भरतीच्या पाण्यावर वीज बनवणाऱ्या बांधाने अख्खं कोंडवेळ गाव गिळलं होतं. जनित्रं साफ करायला वर्षातून एकदा पाणी उपसलं की हा किनाऱ्याचा रस्ता उघडा पडे आणि तेवढ्या वेळात शर्यत होई.

वळणावर तिचं घर आलं. नुसता उंबरठा उरला होता. यंदा पदक मिळवायचंच, म्हणून थांबायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण पाय थबकले. सवयीने तिने बूट काढले आणि आत गेली.

बांधावरून भोंगा झाला.

"ताई, पाणी सोडतायत! वर या!" रस्त्यावरून एक स्वयंसेवक ओरडला.

ती बाहेर आली. शेजारच्या पागधऱ्यांच्या उंबरठ्याबाहेर गेल्या वर्षीच्या शर्यतीत त्यांच्यापैकी कुणीतरी ठेवून गेलेले बूट चिखलात रुतलेले होते, वर कालवं चढलेली. तिने आपलेही बूट आपल्या उंबरठ्याबाहेर नीट जोडून ठेवले. मग उंबरठ्याला हात लावून घराला म्हणाली, "येते हं."

आणि अनवाणीच धावत सुटली. दाराबाहेर पायताण दिसलं, की घरात माणूस आहे.