जमीन फाटली तेव्हा

रात्रभर पावसाने झोडपलं आणि सकाळी मासाई मुलखातल्या रिफ्ट दरीच्या तळातली जमीन फाटली. भेगेच्या अल्याड लेकिशोन, पल्याड त्याची सासू आणि चार वर्षांची लेक सिलांतोई. वर कड्यावर उभं राहून दरीचे फोटो काढणाऱ्या पर्यटकांना इथलं काहीच दिसत नव्हतं.

सासूने नात अलीकडे फेकली. लेकिशोनने तिला झेललं आणि तो ओरडला, "आता तुम्ही! हात द्या!"

सासूच्या मागची जमीनही ढासळत होती, तरी ती त्याच्या हातापासून मागे सरकली. "मासाई सासू जावयाच्या समोरसुद्धा येत नाही, जावईबापू. आणि मी हात धरू?"

"अहो, जमीन दुभंगली, रीत कसली धरून बसलात!"

"ओरडू नका. आधी डोळे मिटा."

भेगेच्या काठावर लेकिशोनने डोळे गच्च मिटले आणि अंदाजाने हात पुढे केला. पायाखालून खडे घरंगळले. तळाला पोचल्याचा आवाज आलाच नाही. मग एक खरखरीत हात हाताला लागला आणि त्याने जिवाच्या आकांताने तिला अलीकडे ओढलं.

डोळे उघडले तेव्हा सासू डोक्यावरून शाल ओढून पाठमोरी उभी होती.

"सिलांतोई," ती म्हणाली, "बापाला सांग, हात गारठलेत त्यांचे. घरी जाऊन गरम दूध प्या म्हणावं."