जोडप्याची सवलत

दोघांत एक केबिन घेतली तर अठरा हजार पौंड. लग्नाचा दाखला दाखवला आणि जोडपं तीस वर्षांहून जुनं निघालं, तर त्यातले पाच हजार चारशे कमी. शिवाय वरच्या मजल्यावरची खिडकी आणि एका संध्याकाळी केक. एवढ्या कमाईसाठी शुक्रीला फक्त एक कागद टेबलावर ठेवायचा होता.

"नको," शुक्री म्हणाला.

इस्मतने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात हा माणूस कुठल्या सवलतीला नको म्हणाल्याचं तिला आठवत नव्हतं. कापडगिरणीच्या भांडारात त्याची उभी हयात गेली होती. टोमॅटो घेतानासुद्धा तो टोमॅटोकडे नाही, तराजूच्या काट्याकडे बघायचा.

"तीस टक्के आहेत, उस्ताज," काउंटरमागची दालिया म्हणाली. शुब्रा मोहल्ल्यातल्या त्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात दुपारचं तिसरं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे तिला घाई नव्हती. "लक्सर ते अस्वान, पाच दिवस, तिन्ही वेळचं जेवण."

"आणि पाणी?"

"बाटलीचे चाळीस."

"म्हणजे नाईलवर तरंगायचं आणि पाणी विकत घ्यायचं! चहा?"

"नाश्त्याबरोबर फुकट. नंतर साठ."

"साठात तर केटली येते, पोरी."

"शेवटच्या दिवशी नोकरांचं बक्षीस. माणशी चारशे. मर्जीवर आहे."

"मर्जीवर म्हणजे?"

"म्हणजे सगळे देतात."

इस्मत पदराआड हसावं तसं रुमालाआड हसली. हा तिचा शुक्री. मग आत्ता नको म्हणाला तो कोण?

"दोन केबिन लिही," शुक्री म्हणाला. "एकेकट्याच्या."

दालियाने गणकयंत्र त्याच्याकडे फिरवलं. एकट्याची साडेतेरा हजार, दोन मिळून सत्तावीस हजार. तो आकड्याकडे बघत राहिला, पण मागे हटला नाही.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?" इस्मत म्हणाली. "माझ्याबरोबर झोपायला इतकं जड झालं का तुम्हाला?"

"अगं, लग्नानंतर लक्सरला गेलो तेव्हा आगगाडीत खिडकीवरून केवढी भांडली होतीस! आता तुला तुझी खिडकी, मला माझी."

तिला एकदम ते सगळं आठवलं. तिसऱ्या वर्गाचा डबा, तोंडात गेलेली धूळ, आणि लक्सरच्या काठावर उसाच्या रसाचा एकच पेला दोघांत. समोरून तीन मजली पांढरी बोट गेली होती. एका खिडकीत कोणी परदेशी बाई केस विंचरत होती. शुक्री म्हणाला होता, "तुलाही अशीच बसवीन." तेव्हा त्याच्या खिशात परतीचं तिकीट आणि अकरा पियास्तरांची चिल्लर होती. ती बोट दिसेनाशी होईस्तोवर तो तिचा हात धरून उभा होता, भर रस्त्यात, लोकांदेखत.

म्हाताऱ्याला तो शब्द पाळायचा आहे, ती मनात म्हणाली. तोही सवलत न घेता. डोळे ओलावले तिचे.

पण तिला दोन खिडक्या नको होत्या. तिला एकच हवी होती. सकाळी बाहेर पाणी सरकताना दिसावं आणि शेजारी हा घोरत असावा, एवढ्यासाठी तर तिने हट्टाने इथवर आणलं होतं त्याला.

कोपऱ्यावरच्या मशिदीतून बांग झाली. "नमाज पढून येतो," म्हणून शुक्री उठला. उकाडा होता, कोट खुर्चीच्या पाठीवरच राहिला.

तो दाराबाहेर पडताच इस्मतने पर्स उघडली. निकाहनामा तिने घरूनच आणला होता.

"हे घे, दालिया. एकच केबिन, जोडप्याच्या दरात. सत्तावीस हजारांऐवजी बारा हजार सहाशे. परत आले की आकडा सांगू. त्यांचं तोंड बघायचंय मला."

"दोघांची ओळखपत्रं लागतील, हाज्जा."

इस्मतने आपलं दिलं, मग कोटाच्या खिशातून त्याचं काढून दिलं. दालियाने तिचं उतरवून घेतलं. मग त्याचं उलटं केलं आणि थांबली. निकाहनामा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं.

"हे गेल्या वर्षीचं आहे का?"

"हो, नवीन काढलं. चार तास रांगेत होते बिचारे."

दालियाने कार्ड काउंटरवरून हळूच इस्मतकडे सरकवलं. मागच्या बाजूला चार शब्द होते. निवृत्त. पुरुष. मुसलमान. घटस्फोटित.

शुक्री भिजलेल्या बाह्या खाली करत आत आला. कार्ड कुठे आहे ते त्याने पाहिलं आणि तिने काही विचारायच्या आधीच बोलू लागला.

"नुसतं कागदावर गं. तुझे वडील गेल्यावर त्यांची पेन्शन कोणाला मिळणार होती? घटस्फोटित मुलीला मिळते. तुझं मुखत्यारपत्र होतंच माझ्याकडे. तुला कशाला त्रास द्यायचा? आणि सगळं घरातच आलं की!"

"किती वर्षं झाली?"

"सहा."

इस्मतने काउंटरवरचा निकाहनामा घडी घालून पर्समध्ये ठेवला. बाहेर कोणी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"दालिया बेटा," ती शेवटी म्हणाली, "दोन केबिन नको. एकच लिही."

शुक्रीचा जीव भांड्यात पडला. "मी तरी काय म्हणत होतो? एकच बरी."

"एकट्या बाईची. वरच्या मजल्यावर."

तिने त्याच्याच कोटातून नोटांची गड्डी काढली, साडेतेरा हजार मोजून काउंटरवर ठेवले आणि उरलेले त्याच्या हातात दिले. दालियाने खाली मान घालून पावती लिहायला घेतली. प्रवासी, इस्मत. 'पैसे भरणारा' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं.

इस्मतने तिला आपल्या वडिलांचं नाव सांगितलं.