हेडलीची सरकनळी

"खाली धरलं की सुर्रकन बाहेर येते बघ," असं म्हणत हेडलीने आपलं कॉर्नेट, ती छोटी पितळी तुतारी, एनॉकच्या टेबलावर ठेवलं. "परवा वाजवता वाजवता बुटावर पडली."

पडली ती सूर जुळवायची सरकनळी; ती जितकी बाहेर ओढावी, तितका सूर खाली उतरतो. एनॉकने ती ओढून खिडकीच्या उजेडात धरली. खाणीतली पाळी संपली की तो घरामागच्या शेडमध्ये हॅगडेल बँडची वाद्यं दुरुस्त करायचा, आणि रविवारी त्याच बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. दुसऱ्या खुर्चीवर. पहिली, म्हणजे मुख्य वादकाची खुर्ची हेडलीची, गेली अकरा वर्षं.

नळीवर झिजेचे दोन पट्टे होते. एक मुळाशी, जुना. दुसरा चांगला बोटभर पुढे, ताजा आणि चकचकीत.

एनॉकने त्या ताज्या पट्ट्यावरून नख फिरवलं. हॅगडेलचा बँड अजून जुन्या चढ्या पट्टीत वाजवायचा. नळी बोटभर बाहेर ओढावी लागेल अशा खालच्या पट्टीचा बँड पंचक्रोशीत एकच, मोरबी गिरणीचा. त्यांची पहिली खुर्ची दोन महिने रिकामी होती. त्या खुर्चीबरोबर गिरणीत नोकरी मिळायची. जमिनीच्या वर, उजेडात.

एनॉकला कुणी विचारलं नव्हतं.

"नळी फार ओढतोस का रे हल्ली?" त्याने साळसूदपणे विचारलं.

"ओढतो कधी कधी." हेडलीने बिस्कीट चहात बुडवलं आणि पार लगदा होईपर्यंत तसंच धरलं.

"म्हाताऱ्यासारखं काय खातोस!"

"आवडतं." हेडलीने तो लगदा गिळला. "एनॉक, त्या स्पर्धेत तुला एकट्याला वाजवायला दिलं होतं ना, ते तुला कधी कळलं होतं?"

"तीन दिवस आधी. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि भर स्पर्धेत कोंबड्यासारखा आरवलो. आता उकरून कशाला काढतोस?"

"सहज."

सहज! जखमेवर मीठ चोळायचं आणि वर सहज म्हणायचं. एनॉक आतल्या आत जळत होता. हेडली गेला तर हॅगडेलची पहिली खुर्ची आपल्याला मिळणार, हे काय त्याला कळत नव्हतं? पण ती उष्टी खुर्ची. त्याच्या ताटातलं उरलेलं.

"सोमवारी मी सुट्टी टाकलीय," हेडली उठत म्हणाला.

"का? नवीन नोकरीबिकरी?"

"छे रे. आहे एक काम. आणि हे बघ, कॉर्नेट न्यायला मी येणार नाही. शनिवारी तीन वाजता तूच घेऊन ये. मोरबीला, गिरणीच्या हॉलमध्ये."

"मी काय हमाल आहे तुझा?"

"ये रे बाबा. आणि रविवारचा सूट घालून ये."

हेडली गेल्यावर एनॉकने धाडकन दार लावलं. माणसाला लाज असावी तरी किती कमी! स्वतःची वरात निघणार, आणि घोडा आम्ही धरायचा, तोही सूट घालून.

काम तसं सोपं होतं. आतल्या नळीत पोलादी सळई घालून ती दाबून फिरवायची. नळी केसभर फुगते आणि पुन्हा घट्ट बसते. अर्ध्या तासात त्याने तेवढं केलं. नळी झकास बसली, ओढली की येत होती, सोडली की थांबत होती. एनॉकच्या हाताला वाईट काम करता येतच नसे.

मग त्याने कथील वितळवलं.

नळी मुळापर्यंत आत ढकलली, सांध्यात कथील सोडून ती तिथेच पक्की चिकटवली, वरचा ओघळ खरवडून काढला आणि पितळ घासून लख्ख केलं. आईशप्पथ, कुणाच्या बापाला कळलं नसतं. वाजवून पाहिलं तर हॅगडेलच्या चढ्या पट्टीला सूर अगदी चोख. आणि तिथून तो आता तसूभरही खाली येणार नव्हता.

"जा, वाजव मोरबीत," तो म्हणाला. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

शनिवारी बसमध्ये कॉर्नेटची पेटी मांडीवर घेऊन तो चक्क गुणगुणत होता. सूट घातला होता, बूट चमकवले होते. तमाशा बघायचा तर नीटनेटकं होऊन बघावा.

हॉलमध्ये मोरबीची सगळी माणसं वाद्यं घेऊन बसली होती. फक्त पहिली खुर्ची रिकामी होती. हेडली दाराशीच उभा होता, गालाला मफलर लावून.

"आणलंस? ठीक झालं ना?"

"मी केलंय म्हटल्यावर?"

"मग काढ बाहेर आणि जा, बस."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? पहिल्या खुर्चीवर!" हेडलीने त्याच्या खांद्यावरचा कोट उतरवला. "आधी मलाच विचारलं होतं यांनी. पंधरा दिवस येऊन वाजवलं, पण दात साथच देईनात. सोमवारी सगळे उपटायचेत, मग कसलं कॉर्नेट नि कसलं काय. मी तुझं नाव सांगितलं. आधी बोललो असतो तर तू पुन्हा तीन रात्री जागला असतास."

एनॉकने पेटी छातीशी घट्ट धरली.

"तू वाजवतोस ते कॉर्नेट हॅगडेल बँडच्या मालकीचं, ते काही तुला इथे आणता आलं नसतं. हे माझं स्वतःचं, आता तुझंच. जा ना, गाढवा, लोक थांबलेत."

खुर्चीपर्यंत तो कसा पोचला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मोरबीचे बँडमास्तर थ्वेट पुढे झाले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

"या, या. तुमच्याइतका सच्चा सूर त्याचा स्वतःचाही नाही, असं हेडली शपथेवर सांगतो," ते हसून म्हणाले. "फक्त आमची पट्टी खालची आहे हं. तेवढी नळी बोटभर बाहेर ओढा."