हातावरचं वर्तुळ

टीबी तपासायची सुई टोचून नर्सने पेनाने वर्तुळ काढलं होतं. तीन दिवस ते पुसू द्यायचं नव्हतं, म्हणून आंघोळ घालताना मी कस्तुरीचा हात वर धरायचे.

"मावशी, इथे फुगलं तर?"

"तर सहा महिने औषधं. मगच इटलीला, तुझ्या नव्या आईबाबांकडे."

अनाथाश्रमात काम करणाऱ्याला मुलं जाण्याची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. चार वर्षं ती माझ्याच कुशीत झोपली होती. तिन्ही दिवस मी देवीला एकच सांगितलं, फुगू दे.

फुगलं. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजलं. "लहानांना टीबी मोठ्यांकडूनच होतो. हिच्याजवळ कोण खोकतं?"

मी खोकला दाबून धरला.

"मावशी खोकते," कस्तुरी म्हणाली. "पण पदर लावून."

आता ती सहा महिने आश्रमातच आहे आणि मी बहिणीकडे राहून टीबीच्या गोळ्या घेतेय. मला आत जायला मनाई आहे. संध्याकाळी फाटकाबाहेर उभी राहिले की ती खिडकीतून हात उंच करून दाखवते. पुसलेलं वर्तुळ तिने स्केचपेनने पुन्हा काढलेलं असतं.