टबाभोवतीचं सागवान

"परत सुटलं!"

बाथरूममधून नवऱ्याची आरोळी आली तेव्हा ती शिलाई मशीनवर एका पायजम्याच्या कमरेला इलास्टिक लावत होती. पायजमा तसाच हातात घेऊन, दुसरा हात कमरेवर ठेवून ती कशीबशी उठली आणि बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिली.

नवरा टबापाशी गुडघे टेकून बसला होता. टबाच्या उघड्या बाजूंना त्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या सागवानी फळ्या होत्या आणि वरून सागवानीच रुंद पट्टी. त्या पट्टीच्या आणि टबाच्या मधली फट बुजवायला भरलेलं सिलिकॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलं होतं. ही तिसरी खेप.

"कुणी हात लावला?"

"मी. काल कडेवर बसून पाय धुतले."

"लाकडावर बसलीस?"

"टबाच्या कडेवर. लाकडावर बसायची माझी काय बिशाद!"

टब तिच्यासाठी आणला होता, ही गोष्ट आता घरात फक्त तिच्या एकटीच्या लक्षात होती. आयुष्यभर मशीनवर वाकून पाठीचं पार लाकूड झालं होतं. रोज गरम पाण्यात बसत जा, असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून टब आला. नेमका त्याच सुमाराला नवरा निवृत्त झाला. टबाच्या बाजू उघड्याबोडक्या दिसतात म्हणाला आणि फळ्या घेऊन आला. मग फळ्या नीट सुकायच्या होत्या, मग घासायच्या होत्या, मग तेलाचा एक हात, तो वाळला की दुसरा. रोज सकाळी ती टॉवेल घेऊन दारात यायची आणि आतून तेच ऐकू यायचं, "हात लावू नकोस, ओलं आहे अजून." मग ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, आपल्याच टबाकडे पाठ करून, बादलीने अंघोळ उरकायची. लाकडावर उडालेला थेंब न् थेंब तो मागाहून फडक्याने टिपायचा. बायकोचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नाही, ती तशीच ओल्या पाठीने कपडे चढवते, हे त्याला कधी दिसलं नाही.

आज ती त्याच्या शेजारून पुढे झाली आणि पुन्हा टबाच्या कडेवर बसली. फट उघडली. ती उठली. फट मिटली.

"बघा. वजन पडलं की टब खाली दबतोय. तुमचं लाकूड जागचं हलत नाही."

तो डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, मग सोपंच आहे की! तू बसत जाऊ नकोस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला.

"हे काय करतेस?"

"टब भरतेय. त्यात पाणी भरतात, विसरलात वाटतं."

"अगं, थेंब उडताहेत!"

"उडू देत." तिने पायजमा त्याच्या नाकासमोर धरला आणि त्याची कंबर दोन्ही हातांनी ताणली. "हे इलास्टिक सैल ठेवून शिवलं ना, तर माणूस पहिल्यांदा खाली बसला की टाके तटातट तुटतात. ताणून धरूनच शिवावं लागतं. तुम्ही तीनदा सैल शिवलंत."

पायजमा त्याच्या खांद्यावर टाकून ती गाऊनसकट टबात उतरली. पाणी वर चढत गेलं. टब हळूच कुरकुरला आणि लाकडापाशी फट नखभर रुंद झाली.

"आता भरा."

त्याने मुकाट्याने सिलिकॉनची नळी उचलली. जीभ दातांत धरून तो एका टोकापासून भरत निघाला. पाणी तिच्या कमरेच्या वर गेलं, बरगड्यांपर्यंत आलं. कित्येक वर्षं आवळून बसलेलं काहीतरी पाठीत एकेक पीळ सोडत सुटायला लागलं. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. एवढं साधं होतं तर हे.

"झालं!" नवऱ्याने बोटाने शेवटचा हात फिरवला. "काय रेघ आलीय बघ! चल, आता अलगद ऊठ."

"वाळायला किती वेळ लागतो?"

"संध्याकाळपर्यंत वाळेल. पण तू ऊठ ना, पाणी आहे की वजनाला."

"पाण्याचं वजन पाणी देईल. माझं कोण देणार? मी उठले की फट मिटणार आणि तुमची रेघ पिळून बाहेर येणार."

त्याने फटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"मग स्वयंपाक?" शेवटी त्याने विचारलं.

"करा. आणि टबातलं पाणी निवत आलं की पातेलंभर कढत पाणी आणून ओता."

तिने डोळे मिटले आणि मान मागे टेकवली. ओला हात कपाळावरून फिरवताना काही थेंब सागवानावर पडले. एक थेंब ओघळत ताज्या रेघेकडे निघाला. खिशातून फडकं बाहेर निघाल्याची सळसळ झाली. ती तिला आता झोपेतही ओळखू आली असती.

"अहो, हात लावू नका," डोळे न उघडता ती म्हणाली. "ओलं आहे अजून."